आतली, बाहेरची

ब्रॉटी फेरीतल्या चर्चमागचा हॉल,
शनिवार, दहा ते एक.
शेजारच्या टेबलावर टोस्टर उघडा पडलाय,
पलीकडे कुणी छत्री शिवतंय,
हीटर नुसता आवाज करतोय, ऊब त्याच्या ऐपतीत नाही.

पावतीवर नाव मोराग गेडिस.
वयाला रकाना नाही, तरी तिनं लिहिलंय: ब्याऐंशी.
खाली दुरुस्त करणाराचं नाव: गद्रे.
दोन्ही वाचून म्हणते,
"गेडिस, गद्रे. लांबचे नातेवाईक दिसतोय आपण."

तक्रार एका ओळीची:
कोपऱ्यातली बॅटरी गेली.
बॅटरी नव्हे, बॅटरीचं चित्र.
घड्याळाच्या डावीकडचं, हिरवं, नखाएवढं.
खिडकीशी बसते ती, तिथून टे नदी दिसते,
सॉकेट मात्र भिंतीच्या त्या टोकाला.
अर्ध्या पत्रात अंधार होतो, म्हणाली,
न सांगता.

लॅपटॉप काळा, जुना, विटेच्या वजनाचा.
आत लिनक्स.
कुणी घातलं, मी विचारलं नाही.
ज्या घरात असं यंत्र असतं
त्या घरात तसा एक माणूस असतो,
किंवा असायचा.

बत्तीस वर्षं मी मीटर तपासले,
इचलकरंजीत, वीज मंडळात.
लिनक्स इथं येऊन शिकलो; हिवाळे लांब असतात.
पण एवढं तिकडूनच घेऊन आलोय:
काटा हलत नाही म्हणजे वीज नाही, असं नसतं.
आधी काट्याला विचारू नये.

म्हणून काळी खिडकी उघडतो,
पायरी पायरी खाली उतरतो,
कर्नल आपल्या वस्तू मांडून ठेवतो तिथपर्यंत.
चार्जर आहे.
बॅट वन आहे.
बॅट झीरो नाही.

यंत्र उलटं करतो.
ह्या जातीत दोन बॅटऱ्या असतात, तिला सांगतो,
एक आत, स्क्रूंच्या मागं, दिसत नाही;
एक बाहेर, खटक्यानं निघणारी.
आतली गेली आहे.
बाहेरची एकटी ओढतेय सगळं.
"कधी?"
तारीख नोंदींमध्ये सापडली असती.
मी शोधली नाही.

मग पट्टीची फाइल.
तिला एकच काम सांगितलेलं: झीरोकडे बघ.
दर पाच सेकंदांनी ती आतलीला विचारत होती,
किती उरलंय,
आणि उत्तर येत नाही म्हणून
जागा मोकळी ठेवत होती.
बाहेरची तिथंच होती, त्रेसष्ट टक्के.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या ओळीच्या डोक्यावर
आणखी एक ओळ, सुरुवातीला जाळीची खूण,
जिच्यामुळं यंत्र ती ओलांडून पुढं जातं.
सगळी अक्षरं कॅपिटल.
मोराग, इथं हात लावू नकोस.

स्क्रीन तिच्याकडे वळवली.
तिनं चष्मा बदलला.
मला वाटलं, आता रुमाल.
ती हसली, खोकला येईपर्यंत हसली.
"बॉयलरवर हेच चिकटवलंय," म्हणाली,
"फ्रीजच्या बटणावर. आणि रेडिओवर,
सत्त्याऐंशी सालापासून."

शून्य खोडलं, एक लिहिला.
सेव्ह. पट्टी पुन्हा सुरू.
कोपऱ्यात हिरवं नख उगवलं: एकसष्ट.
दोन टक्के बोलण्यात गेले.

"ती वरची ओळ काढून टाकू?"
"छे. मी कुठं हात लावला," ती म्हणाली,
"तुम्ही लावलात."

डब्यात दोन पौंड पडले.
माझ्यापुढं एक बरणी, रुबार्बची चटणी;
घरी चाखली, आंबट,
कैरीच्या जवळ जाऊन परत फिरलेली.

लॅपटॉप तिनं मिटला नाही.
उघडाच धरून निघाली, परातीसारखा,
नजर कोपऱ्यावर.
टोस्टरवाल्यानं दार धरलं. बाहेर वारा होता.

त्या टोस्टरचं शेवटी काय झालं,
आठवत नाही.