उतणं

मे लागला की कळमन्यात आईचे हात सुजतात.
पहाटे चारला आंध्राचे ट्रक लागतात,
बैंगनपल्लीची क्रेटं उतरतात,
देठ मोडला की चीक उडतो,
पातळ, सुईच्या टोकाएवढा.
मनगटावर पडतो, काळा होतो.
तिसऱ्या दिवशी तिथं पाणी भरतं.

"उतलं," ती म्हणते.
सुकं खोबरं चावून त्यावर चोळते
आणि पुन्हा आडतीवर.
जन्मभर उतली नाही, मातली नाही बाई,
उतले ते फक्त हात.

यंदा पापण्याही सुजल्या,
तेव्हा तिला मेडिकलमध्ये नेलं.
पंखा एकच, तो डॉक्टरीणबाईंकडे तोंड करून.
पोरगीच होती. आईच्या पाठीवर
चौकोनी पट्ट्या चिकटवल्या तिनं, म्हणाली,
"दोन दिवस पाणी नको. घामही नको."
आईनं माझ्याकडे पाहिलं.
नागपुरात. नवतप्यात. घाम नको.

दोन रात्री ती कूलरसमोर पालथी पडून होती.
झोपेत हात पाठीकडे जायचा,
मी तो धरून ठेवायची.
खडबडीत, गरम,
एवढा वेळ मी तो कधी धरला नव्हता.

पट्ट्या निघाल्या. एक चौकोन लालभडक.
"लहानपणी बिब्बा हाताळला होता का?"
आई जरा वेळ गप्प.
"फोडत होतो ना बाप्पा, देवलापारकडं.
गोडंबी काढाले.
मायचे अन् माहे, दोघींचे हात काळे."
"आणि गोडंबी?"
"ते इकाची रायते."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या,
आंबा, बिब्बा, काजू, तिन्ही एकाच कुळातले.
अंगाची एकदा ओळख पटली
की अंग विसरत नाही.

माझी सोयरीक मोडली त्या वर्षी
आत्या म्हणाली होती, कोणीतरी बिब्बा घातला.
आई तेव्हा काहीच बोलली नव्हती.
नुसती आपले हात बघत बसली होती.

चिठ्ठीवर लिहिलंय: आंबा हाताळू नये.
"मंग काय हाताळू?"
मी इतवारीतून निळे रबरी मोजे आणले.
तासाभरात आत घामाचं डबकं.
वर बोटांना कळेना,
कोणता आज पिकला, कोणता परवा पिकेल.
"आंधळ्यावानी वाट्टे," म्हणाली.
दुसऱ्या दिवशी शेठनं पाहिलं:
डाव्या हातात मोजा,
उजवा उघडा.

रात्री ती एक डागी आंबा आणते, हिशोबात न धरलेला.
मी देठाकडचा भाग कापून टाकते,
साल सोलते, फोडी करते,
आणि तिच्या तोंडात भरवते, ओठांना न लावता.
ती डोळे मिटून खाते.
माझ्या नखांत चीक राहतो.
मी तो धुते, दोनदा, तीनदा,
मग दिव्याखाली बोटं धरून बघते.

अजून तरी त्यानं मला ओळखलेलं नाही.