ट्रकच्या दारातला दुसरा

मार्चमध्ये आमच्या रस्त्यावर गाडी थांबवावीच लागते.
टर्की पलीकडे चाललेल्या असतात,
बापाचा रस्ता असल्यासारख्या, एकेक पाय उचलत,
मध्येच काहीतरी विसरल्यासारख्या मागे वळत.
मी हॉर्न वाजवत नाही. वाजवला की नर उत्तर देतो,
घशातून खडे घरंगळावेत तसा,
मग दुसरा, मग टेकडीपलीकडचा कुणी न दिसणारा,
आणि विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यातलं टपाल
अर्धा तास उशिरा पोचतं.

माझ्या आजोबांनी जन्मात रानटर्की पाहिली नाही.
त्यांच्या आधीच्यांनी खाऊन संपवल्या होत्या,
ओकची रानं तोडून मका पेरला होता.
मी शाळेत असताना सरकारी माणसं आली
दुसऱ्या राज्यातून खोकी घेऊन,
झाकणं उघडली.
आता ह्या पाहा.

आर्डिस ट्वेटनच्या पेटीत फारसं काही नसतं.
बियाण्यांचा कॅटलॉग, विजेचं बिल,
रॉल्फच्या नावानं अजून येणारं दूधसंघाचं पत्र.
रॉल्फ गेला त्या थंडीत. गाई वसंतात विकल्या.
गोठा रिकामा, पण सायलोच्या बुडाशी मका सांडलेला होता,
आणि अशी बातमी रानात लपून राहत नाही.
आधी तीन आल्या. नाताळला अकरा.
मग तिनं मोजणं सोडलं.
"चिमण्यांच्या दाण्यावर डल्ला मारतात मेल्या," ती म्हणते,
आणि दर शनिवारी पन्नास पौंडांची गोणी
ट्रॉलीवर ओढत आणते. चिमण्यांसाठी.

एप्रिलमध्ये एक नर रॉल्फच्या ट्रकला भिडला.
ट्रक कोठाराशी, त्यानं लावला होता तिथेच,
चालवत कुणी नाही, पण रविवारी चर्चहून आल्यावर
ती तो धुते, पुसते,
दारात ढग दिसतील इतका.
नराला ढग दिसले नाहीत.
शेपटीचा पंखा उभारलेला, मान निळी, मग लाल,
चोचीवरून लोंबणारं ते ओशाळं मांस,
पंखांची टोकं खडीवर खरडत
तो पुढे आला, आणि समोरून तोही आला,
तेवढाच थोर, तेवढाच तापलेला.
टक्.
टक्.
माघार घ्यायची कुणी?

शेजारचा हार्लन म्हणाला, परवाना आहे माझ्याकडे,
शिकारीचे दिवस आहेत, एका गोळीचं काम.
"त्या ट्रकजवळ बंदूक नको," ती म्हणाली,
आणि सासूनं शिवलेली रजई आणून
दारावर टाकली, खिडकीत कोपरा अडकवून.

दुसऱ्या दिवशी मी पत्रं टाकत होते.
नर रजईसमोर उभा.
पंखा मिटलेला, अंगानं निम्मा झालेला,
मान वाकडी करून ट्रकखाली बघत.
मागे जाऊन आला. पुन्हा खाली बघितलं.
माद्या दूर शेतात चरत होत्या,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्याच्या परवाही तो तिथेच. त्याच्या तेरवाही.
पाऊस होता, तरी.

सोमवारी रजई दोरीवर वाळत घातलेली
आणि लांबूनच ऐकू आलं, टक्, टक्.
रंगाचे टवके खडीवर पडलेले,
आत पत्रा दिसायला लागलेला.
आर्डिस पायरीवर कॉफी घेऊन बसली होती.
मी काही बोलले नव्हते, तरी म्हणाली,
"रंग काय, पुन्हा मारता येतो."

माझ्या खणात एक रबरी शिक्का आहे,
'पत्ताधारक हयात नाही' असा.
दूधसंघाच्या पाकिटावर तो एकदा उठवला
की पत्रं थांबतात.
तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
पत्र पेटीत सरकवलं, झाकण लावलं.

पुढे वळणावर पुन्हा त्याच.
सगळ्या उतरून गेल्या मक्याच्या खुंटांत,
एक मादी मात्र मधल्या पिवळ्या रेघेवर,
इकडे बघते, तिकडे बघते,
एक पाय वर.
मी इंजिन बंद केलं.