वीसपैकी अकरा

थेस्सालोनिकीच्या वरच्या गल्ल्यांत
भिंती पुसण्याचं काम माझं.
पालिकेचा छोटा ट्रक, पाण्याचा पंप,
गेरूच्या चार छटा, कारण इथली कुठलीच भिंत
शेजारणीच्या रंगाची नसते.
आणि एक फॉर्म. त्यात दोनच चौकोन :
कला. विद्रूपीकरण.
तिसरा चौकोन मी एकदा पेनानं काढून घेतला होता,
साहेबांनी खोडला.

वर तटबंदीत एका विटेवर
कुणा खलाशानं खिळ्यानं गलबत खरवडलंय.
भोवती कुंपण, पाटी, रखवालदार.
रखवालदार माझा मेहुणा.
तो म्हणतो, आर्गिरिस,
त्या दिवशी तुझ्यासारखा कुणी रजेवर असणार.

तर, क्लेओनिकीबाईंच्या खिडकीखाली
एका रात्री काळ्या फवाऱ्यानं कुणी लिहिलं :
आम्ही इथेच राहतो.
आमच्याकडे 'ए' दोन तऱ्हांनी लिहितात,
एक साधा, एक जोडीचा,
उच्चार एकच, आणि तिथेच पोरं फसतात.
हाही फसला होता, शेवटच्या अक्षराला.
बाई छत्तीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या.
भिंतीचं त्यांना फारसं काही नव्हतं,
पण पाव आणायला जाता-येता ती चूक
डोळ्यांत कुसळासारखी.
चौथ्या दिवशी त्या खाली उतरल्या,
कठडा रंगवून उरलेली लाल डबी घेऊन.
जोडीचा ए खोडला, वर साधा काढला,
आणि समासात लिहिलं : वीसपैकी तेरा.

भिंतीला समास असतो
हे मला तेव्हा कळलं.

दोन रात्रींनी उत्तर आलं.
तेच वाक्य, शुद्ध, हातभर उंच.
खाली : आता?
बाईंनी पंधरा दिले. ओळ उताराला लागली आहे.
तिसऱ्या वेळी ओळ अशी सरळ
की पोरानं दोरी ताणून लिहिलं असणार, अंधारात,
एक टोक दातांत धरून.
सतरा. बरं.

तक्रार केली तळमजल्याच्या व्लासिसनं.
त्यानं आपल्या तिन्ही खोल्या
तीन-तीन रात्रींसाठी भाड्यानं लावल्यात,
चाव्यांची पेटी, पांढऱ्या चादरी, सगळं.
दारालगत 'आम्ही इथेच राहतो' वाचून
पाहुणे विचारत, आम्ही म्हणजे कोण?
रंगाचा नव्हे, त्या प्रश्नाचा त्याला त्रास.
फॉर्ममध्ये मात्र त्यानं रंगच लिहिला.

हुकूम आला : काळा मजकूर पुसावा.
लालबद्दल अवाक्षर नाही.
बाई स्वतः कचेरीत गेल्या.
मलाही दंड लावा, म्हणाल्या,
मी तर दिवसाढवळ्या लिहिलंय.
कारकून हसला. बाई, तुम्ही चूक सुधारलीत.
त्यानंही सुधारली, बाई म्हणाल्या,
दोनदा. न सांगता. रात्रीचा येऊन.
माझ्या वर्गात असं कुणी केलं नव्हतं.
कारकुनानं दोन्ही चौकोनांकडे पाहिलं
आणि चहाला गेला.

मी पुसलं. पोटाचा प्रश्न आहे,
आणि उगाच कशाला लपवू, मला काम आवडतं :
ओला रंग भिंतीवर बसताना येणारा तो आवाज,
म्हैस पाणी पिते तसा.
लाल आधी राहू द्यायचं म्हटलं,
पण नुसते तेरा, पंधरा, सतरा
वाक्याशिवाय वेडे दिसत होते.
तेही गेले. वर बाईंचा पडदा हलला.
फॉर्मवर मी कुठेच खूण केली नाही.
पाऊस होता, असं कारण लिहिलं. पाऊस नव्हता.

सकाळी ट्रक घेऊन तिथून जाताना पाहतो तर
माझ्या ताज्या गेरूवर, समासात, लाल :
डावा कोपरा कच्चा. घाई केली आहे.
वीसपैकी अकरा.

थांबलो. डबा उघडला.
कोपरा पुन्हा मारला, दोन हात,
कडेची रेघ अंगठ्यानं नीट केली.
आकड्याला ब्रश लावला नाही.
खिडकीकडे पाहिलं,
आणि काय सांगू, पन्नाशीला आलेला माणूस मी,
विचारलं :
आता?