चू.भू.द्या.घ्या.

टोबिननं विचारलं, काय वाचू?
नवा आहे, तेविशीतला. बटणाची कड
किती गोल असावी यावर तासभर भांडतो.
मी त्याला सहा पुस्तकं लिहून दिली.
सहावं मीच अर्ध्यात सोडलेलं,
म्हटलं, निदान ते आणून पुरं करावं.

शनिवार. हॅलिफॅक्सचं वाचनालय.
दाराशी पुस्तकं नोंदवायचं यंत्र.
त्याचा पडदा माझा, चार वर्षांपूर्वीचा,
लीड्सच्या ऑफिसात बसून केलेला,
एकदाही इथं न येता.

पडद्याखाली चिकटपट्टीनं डकवलेला कागद,
बॉलपेनची मोठी, डावीकडे कललेली अक्षरं:

‘हिरवं दोनदा दाबा.
मग थांबा. अजून थोडं थांबा.
तुमचं काही चुकलेलं नाही, हे असंच आहे.
नाहीच जमलं तर हाक मारा. ग्लेनिस.’

त्याच्या खाली जुना कागद, त्याखाली त्याहून जुना.
मी कोपरा नखानं उचलून पाहिला.
एकात नुसताच बाण होता,
एकात ‘कृपया’ तीनदा.
चार वर्षांत किती आवृत्त्या निघाल्या होत्या,
मला पत्ताच नाही.

माझ्या पुढे ओल्या टोपीतले एक आजोबा.
कागदाच्या ओळीखालून बोट सरकवत वाचत होते,
पडद्याकडे बघतही नव्हते.
हिरवं. पुन्हा हिरवं. थांबले, ओठांत आकडे मोजत.
पडद्यावर आलं: अवैध क्रिया.
ते यंत्रालाच ‘सॉरी’ म्हणाले.

अवैध क्रिया. शब्द माझेच.
लिहिले त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता,
एवढंच आठवतं.

बाबा इचलकरंजीच्या सूतगिरणीत हिशेब लिहायचे.
बेरीज पैशापर्यंत जुळलेली असली तरी
पानाच्या तळाशी, शाई संपत आलेल्या टाकानं,
चू.भू.द्या.घ्या.
लहानपणी मला ती साहेबाची सही वाटायची.
द्या आणि घ्या, दोन्ही असतं त्यात,
हे इतक्या उशिरा, इतक्या लांब,
एका ओल्या टोपीच्या मागे उभं राहून कळावं.

टोबिनला मेसेज केला:
यादीत अजून एक घाल, सगळ्यात वर.
लेखिका ग्लेनिस. पान एकच.
घरी नेता येत नाही, इथं येऊनच वाचावं लागतं.
त्याचं उत्तर आलं: पीडीएफ आहे?

मग माझी पाळी.
पुस्तक ठेवलं, हिरवं दाबलं, एकदाच,
मला कशाला लागतोय कागद.
काउंटरमागून मान वर न करता
ती म्हणाली, ‘दोनदा, लव्ह.’