ता

तार्तूच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ लावून बसते तायसिया.
एम.ए.चं दुसरं वर्ष, अनुवाद विभाग.
समोर एका बेटावरच्या दीपगृहवाल्याची वही:
एस्टोनियन, पेन्सिलीतली, एकावन्न ते साठ,
नव्वद पानं नुसता वारा आणि रॉकेल,
आणि मधूनच एक अक्षर:
ता.

ता म्हणजे तो. ता म्हणजे ती.
एस्टोनियनचं त्यावाचून काही अडत नाही.
पहाटे कोणीतरी येतं, दिव्याची काच पुसतं,
चहा न घेता जातं.
बस, एवढंच.

तायसियाची घरची भाषा रशियन, नार्वाची,
नदीपलीकडे देश संपतो तिथली.
तिच्यात भूतकाळाच्या दारावर पहारा असतो.
कालचं काही आत न्यायचं
तर क्रियापदाला आधी विचारतात:
बाई की बाप्या?

पहिल्या मसुद्यात तिनं बाई लिहिली.
लगेच वहीत प्रेम शिरलं, रॉकेलचा वास उडाला.
दुसऱ्यात पुरुष लिहिला.
तो लगेच मदतनीस झाला, सरकारी पगारावर.
पण पान चौतीसवर ताचा हात हातात होता,
दोन तास, वादळात.
तिथं तिची बोटं कीबोर्डवर थांबली
ती शनिवारपर्यंत.
तिसऱ्यात सगळं वर्तमानकाळात ढकललं.
प्राध्यापक उर्वे पिहलाक चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
छान आहे, पण तायसिया,
ती काच सत्तर वर्षांपूर्वी पुसून झाली आहे.

मग तापाला गाडी बदलून ती घरी गेली.
आई बीट सोलत ऐकत राहिली, हात लाल.
म्हणाली, लिहून टाक 'कोणीतरी'.
पण रशियनमधला 'कोणीतरी'सुद्धा
मिशा ठेवून असतो.
आईनं सुरी खाली ठेवली.
बंद पडलेल्या गिरणीत मी सतरा वर्षं काढली,
एस्टोनियनमध्ये फक्त भाव विचारला,
पाव केवढ्याला, कोबी केवढ्याला.
त्या भाषेत इतकं काही झाकून ठेवता येतं
हे मला कोणी सांगितलं नाही.

बेटावर दीपगृहवाल्याची भाची आहे, लैने, वय शहाऐंशी.
फोनवर तायसियानं विचारलंच.
पलीकडे कुत्रं भुंकलं, दार लागलं,
बराच वेळ नुसता श्वास.
मग लैने म्हणाली,
ता? ता म्हणजे आमचं माणूस.
आणि हवामानाबद्दल बोलू लागली.

चौथ्या मसुद्यात त्या पानांवर कोणीच नाही.
काच पुसलेली.
पायऱ्यांवर ओली पावलं, चढती, उतरती.
न प्यालेला चहा.
हात हातात. दोन तास. वादळ.
क्रियापदं सगळी बाहेर काढून ठेवलेली,
चिखलाचे बूट ठेवावेत तशी.
पिहलाकबाईंनी समासात एक प्रश्नचिन्ह काढलं,
मग खोडरबरनं पुसलं.
गुण किती मिळाले ते अजून कळायचंय.

कॅन्टीनमध्ये काळ्या पावावर मासळी पसरत
तिनं मला विचारलं, तुमच्या मराठीत कसं?
आमच्याकडे तीन खुंट्या, मी सांगितलं:
तो, ती, ते.
टोपी कुठंतरी टांगावीच लागते.
फक्त उद्या येणाऱ्याला आम्ही काही विचारत नाही:
येईल.
तेवढ्यात ती म्हणाली,
आणि एस्टोनियनच्या व्याकरणात उद्याच नाही.
आम्ही हसलो. मग तिचं हसणं
पावाच्या तुकड्यापाशी अडकलं.

रात्री खोलीवर आठवलं,
आहे की एक जुना काळ,
बोलण्यातून केव्हाच उठून गेलेला,
अंगणातल्या बाजेसारखा नुसता पडून असलेला.
दिवा लावला, कागद ओढला.
तिच्या प्रबंधाला याचा काही उपयोग नाही:

पहाटे येई.
काच पुशी.
चहा नको म्हणे.
वादळ असलं की थांबे,
हात हातात राहू देई.
उजाडताना जाई.