हिशेबाबाहेरचं पाणी

रात्री दोन ते चार, हे माझे तास.
बडोदं तेव्हा जमिनीखालून बोलतं.
लोखंडी दांड्याचं एक टोक व्हॉल्व्हवर,
दुसरं कानामागच्या हाडाशी,
आणि श्वास रोखून उभा मी, फणसे, पाणीपुरवठा.
पाणीगेटच्या टाकीपासून मांडवीपर्यंत
एकोणतीस वर्षं असाच.

धड पाइप गप्प असतो.
शिशाचा जोड वेगळा गळतो, रबराचा वेगळा.
बिडाला चीर गेली की लांबून शिट्टी.
प्लॅस्टिक मात्र काही सांगत नाही,
पाणी त्यातून चप्पल हातात घेऊन निघून जातं.

यंदा झंखना सोळंकी आल्या.
वय सत्तावीस, पिवळं हेल्मेट,
आणि खोक्यात चौसष्ट कान.
मुठीएवढे, चुंबकाचे.
झाकण उघडायचं, टक् करून चिकटवायचे, विसरायचं.
रात्रभर ते ऐकतात, पहाटे फोनवर सांगतात:
कुठे, किती, कोणत्या जोडापासून किती मीटर.
पहिल्याच आठवड्यात रावपुऱ्यात तीन,
दांडिया बाजारात एक.
तिथंच मी कितीदा दांडा टेकून
‘बराबर छे’ म्हणत पुढे गेलो होतो.

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू,
थोडं बरंही वाटलं.
आजव्याहून एवढ्या लांब
उताराच्या भरवशावर चालत आलेलं पाणी
शेवटच्या फर्लांगात मातीत जातं,
म्हणजे पाहुणा दारातून परत गेल्यासारखं.

मग सतराव्या रात्री
कान नंबर एकेचाळीस बोलला.
रेल्वेच्या भिंतीमागे, बंद गिरणीच्या गल्लीत,
दिवसाला नऊ हजार लिटर.
‘काका, एवढा मोठा,
तुम्हाला कसा नाही सापडला?’

सापडला होता.
अकरा वर्षांपूर्वी, दांडा न टेकताच.
खड्ड्याभोवती विटा रचलेल्या,
विटांवर स्टीलचा तांब्या, साखळीनं बांधलेला,
आणि झोपलेल्या माणसांच्या वतीनं
रांगेत उभ्या बादल्या.
एकवीस झोपड्या.
नकाशावर तिथं ‘मोकळी जागा’.
मी वहीत लिहिलं: आवाज नाही.
मग दर महिन्याला, त्याच अक्षरात:
आवाज नाही.

झंखनाबेनना यातलं काही बोललो नाही.
नुसतं घेऊन गेलो.
रेवीबेन हंडा भरत होती.
हेल्मेट पाहिलं, हंडा पाठीमागे सरकवला.
‘खोदणार?’

बेन उकिडव्या बसल्या, तासभर.
बादल्या मोजल्या, हंडे मोजले,
कुणाच्या तरी रंगाच्या डब्याचं माप घेतलं.
मग म्हणाल्या,
भरतात दोन हजार.
सात हजार नाल्यात जातात, काका.

सात हजार.
वाडीत, लाइनीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर
पाणी चढत नाही, ही तक्रार
अकरा वर्षं मीच लिहून घेतोय.
दोन्ही वह्या एकाच कपाटात.
एकदाही शेजारी ठेवून वाचल्या नाहीत.

त्यांच्या टॅबवर रकाने दोनच:
विकलेलं पाणी, वाया गेलेलं पाणी.
बोट बराच वेळ दोन्हींच्या मधे,
काचेला न लागता.

अर्ज गेलाय. चार नळ, एक मीटर,
खड्डा बुजवायचा तो नळ सुरू झाल्यावर,
आधी नाही, असं त्यांनी ठळक लिहिलंय.
राहणाऱ्यांच्या पत्त्याचा पुरावा,
या ओळीशी अडलाय.
मी साहेबांच्या टेबलाशी दोनदा उभा राहिलो.
तिसऱ्यांदा जुनी वही घेऊन जाईन म्हणतो,
रिटायर व्हायला सात महिने आहेत,
काय करतील.

तोवर रोज पहाटे एकेचाळीस ओरडतो.
टपरीवर आम्ही दोघं
फोन उलटा ठेवून
चहा पितो.