लाभार्थी क्रमांक सदतीस

रायबंदरहून फेरीबोट सुटली तेव्हा
माझ्या मांडीवर चाळीस अर्ज होते,
युरियानसाहेबांच्या मांडीवर
प्लास्टिकच्या पिशवीत गमबूट.
चोडणच्या खाजनांचं पुनरुज्जीवन, मुदत तीन वर्षं,
निधी युरोपातल्या कुठल्याशा न्यासाचा,
दुभाषी मी, रोजचे बाराशे.

ताळगावला एम. ए. करताना सरांनी फळ्यावर
एक वर्तुळ काढलं होतं, त्याभोवती दुसरं.
आतलं केंद्र, बाहेरचा परीघ.
बाहेरून आत जातं ते खनिज,
आतून बाहेर येते ती मदत.
मागच्या बाकावरून क्लिओफासनं विचारलं,
"सर, मांडवीत बार्ज बुडतो तो कुठल्या बाणावर?"
सर हसले. परीक्षेला ते आलं नाही.

इनास मिनेझिस, वय एकाहत्तर,
मानशीच्या कठड्यावर जाळं सांधत बसला होता.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
मराठीत मन; पण साहेबांना ते सांगत बसलो नाही.
भरतीला नदीच त्याला ढकलून बंद करते,
ओहोटीला शेतातलं पाणी आपणच ते उघडून
निघून जातं. समिती लागत नाही.

प्रश्न नऊ: गेल्या दहा वर्षांत आपणास कोणाची मदत झाली?
"ओहोटीची."
मी लिहिलं: लागू नाही.
प्रश्न अकरा: आपल्या गरजा, प्राधान्यक्रमाने.
इनासनं बराच वेळ सुई दातांत धरली.
"अमावास्येला पाणी चढतं. कुर्ली बांधाला भोक पाडते.
पूर्वी घंटा झाली की घरटी एक माणूस, घमेलंभर चिखल.
आतां घांट आसा."
एवढंच. आतां घांट आसा.
मी लिहिलं: मनुष्यबळाचा अभाव.
इंग्रजीत ते फार चांगलं दिसलं.

त्याचा मुलगा स्विंडनला, गोदामात.
आजोबाच्या पोर्तुगीज दाखल्यावर गेला.
खोकी भरतो: ताडपत्र्या, पाण्यात टाकायच्या गोळ्या.
मागे मोझांबिकला वादळ झालं
तेव्हा सलग नऊ रात्रपाळ्या केल्या त्यानं.
"आणि माझा बाप तिथेच, बैरा बंदरात,
रेल्वेचा स्वयंपाकी.
या मानशीच्या फळ्या त्याच्या पगाराच्या."

मी अर्जाच्या पाठीवर बाण काढायला घेतले.
बैरा ते चोडण. चोडण ते स्विंडन.
स्विंडन ते पुन्हा बैरा.
वर्तुळ झालं, पण त्याला आत-बाहेर कळेना.

साहेब तोवर चिखलात उकिडवे बसले होते,
फळीवर तळहात टेकून, वैद्यासारखे.
म्हणाले, आमच्या आजीच्या गावीही
एका फेब्रुवारीच्या रात्री बांध फुटला,
तिथेही घंटाच वाजली होती.
मग परदेशातून घोंगड्या आल्या.
आजीच्या घोंगडीवरची चिठ्ठी
गावात कुणालाच वाचता आली नाही.
तिनं ती मरेपर्यंत उसवली नाही.

मी भाषांतर केलं. इनासनं एकच विचारलं,
"भोक कुणी बुजवलं?"
साहेबांना आठवेना. त्या प्रश्नाला
आमच्या अर्जात रकाना नाही.

पाणी फिरलं. दार धप्प करून लागलं,
आणि कठडा आमच्या बुडाखाली हलला.
इनासनं अंगठा नको म्हटलं, सही केली,
पोर्तुगीज शाळेतली, शेपटीदार.
वर पाहून विचारलं, "कितवा मी?"
"सदतीस."
"बरं," म्हणाला, आणि जाळ्यातून
पाच शेवटे काढून पुढे केले, अजून उडणारे.

नियम सहा: लाभार्थींकडून भेट स्वीकारू नये.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी काही भाषांतर केलं नाही.
परतताना गमबूट त्यांच्या पायांत होते
आणि पिशवी, मांडीवर,
मधूनच हलत होती.